पाठ्यपुस्तकांऐवजी टॅब्लेटची सक्ती : शाळेला हा अधिकार असावा का?

शमीपर्ण
नमस्कार. माझी मुलगी पुण्यातील एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाचवीत शिकते. गेल्या आठवड्यात शाळेचे परिपत्रक आले. येत्या जूनपासून सहावी ते आठवीच्या वर्गांत छापील पाठ्यपुस्तके बंद होणार असून प्रत्येक विद्यार्थ्याने टॅब्लेट आणणे बंधनकारक राहील, तो शाळेने ठरवलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावा लागेल, पुस्तके त्यात आधीच भरलेली असतील आणि त्यांची वार्षिक वर्गणी वेगळी द्यावी लागेल, असे त्यात लिहिले आहे. टॅब्लेटची किंमत २६ हजार रुपये आहे. या बदलाचे कारण म्हणून दप्तराचे ओझे पुढे केले आहे.

ओझ्याची काळजी मलाही आहे, म्हणून परवा रात्री मुलगी झोपल्यावर तिचे दप्तर रिकामे केले आणि एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजने लिहून काढली. पाठ्यपुस्तके १ किलो ९०० ग्रॅम भरली. वह्या आणि स्वाध्यायपुस्तिका मिळून २ किलो २०० ग्रॅम झाल्या. डबा आणि भरलेली पाण्याची बाटली १ किलो ३०० ग्रॅम, रिकामे दप्तर ८०० ग्रॅम. एकूण ६ किलो २०० ग्रॅम. मुलीचे वजन ३१ किलो आहे आणि दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावे, असा सरकारी दंडक आहे. म्हणजे तिच्या पाठीवर नेमके दुप्पट ओझे आहे. आता पुस्तके काढून कव्हरसह ७०० ग्रॅमचा टॅब्लेट ठेवला, तरी दप्तर ५ किलोच राहते, कारण वह्या कायम आहेत, बाटली कायम आहे आणि दप्तरही तेच आहे.

शनिवारी पालकसभा आहे. तिथे बोलण्यापूर्वी मला माझे मत तपासून घ्यायचे आहे. टॅब्लेटला माझा विरोध नाही. तो वापरायचाच, पुस्तक घ्यायचेच नाही, ही अट मला पटत नाही. आपले अनुभव कृपया लिहावेत.

कोडकरी
ताई, आपण वजनांचा हिशेब मांडलात हे फार चांगले केलेत, तरीही मी दुसरी बाजू मांडतो. मी शैक्षणिक सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात १२ वर्षे काम करतो आहे. छापील पुस्तकात एखादी चूक राहिली तर ती पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहते, डिजिटल पुस्तकात ती त्याच दिवशी दुरुस्त होते. भूमितीतली आकृती फिरवून पाहता येते, अवघड शब्दावर बोट ठेवले की अर्थ कळतो, कोणत्या विद्यार्थ्याचे कोणत्या उदाहरणात अडते ते शिक्षकाला दिसते. आपण सगळे दिवसभर पडद्यावरच वाचतो आणि या मुलांनाही पुढे तेच करायचे आहे. मग ती सवय शाळेने लावली तर त्यात वावगे काय? खर्चाचा आणि ठरावीक विक्रेत्याचा मुद्दा मात्र मला मान्य आहे, तिथे आपण जरूर भांडावे.

जव्हारचे_गुरुजी
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. २०१९ मध्ये आमच्या शाळेला एका देणगीदाराने २० टॅब्लेट दिले. त्या दिवशी मुलांचे चेहरे काय फुलले होते, ते मी आजही विसरलेलो नाही. या टॅब्लेटनी खूप काही दिले, हे आधी सांगतो. चंद्रकला शिकवताना मी पूर्वी चेंडू आणि विजेरी घेऊन वर्गात अंधार करायचो आणि मागच्या बाकावरच्यांना काही दिसायचे नाही. टॅब्लेटवरची चित्रफीत मुलांनी स्वतःच्या हाताने मागेपुढे करून पाहिली आणि अमावास्येला चंद्र का दिसत नाही, हे चौथीतल्या मुलीने मला समजावून सांगितले.

आता पुढचे. शाळेत विजेचे दोन प्लग. २० टॅब्लेट आळीपाळीने चार्ज करायला शाळा सुटल्यावर मी थांबत असे. पावसाळ्यात वीज गेली की दोन-दोन, तीन-तीन दिवस येत नाही. तिसऱ्या वर्षी बॅटऱ्या फुगू लागल्या आणि पाठीमागची झाकणे उचलली गेली. तसे टॅब्लेट मुलांच्या हाती देणे धोक्याचे म्हणून मी ते कपाटात वेगळे ठेवले. आज २० पैकी ७ चालू आहेत. दुरुस्तीसाठी ठाणे गाठावे लागते आणि त्यासाठी शाळेकडे वेगळा निधी नसतो.

त्याच कपाटाच्या खालच्या खणात १० वर्षांपूर्वीची पाठ्यपुस्तके आहेत. कोपरे झिजले आहेत, काहींना मीच खळीने पाठ चिकटवली आहे, पण उघडले की प्रत्येक पुस्तक वाचता येते. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी आणि अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना पुस्तके मोफत मिळतात. आमच्या पाड्यावरच्या अनेक घरांत ते पाठ्यपुस्तक हीच एकमेव छापील वस्तू असते. एका दुपारी मी गृहभेटीला गेलो, तेव्हा एक आई मुलाचे दुसरीचे बालभारतीचे पुस्तक मांडीवर घेऊन चित्राखालचे शब्द एकेक अक्षर लावत वाचत होती. मला पाहून तिने पुस्तक मिटले. मी म्हटले, 'मिटू नका बाई, वाचा.' मुलाच्या दप्तरात कुलूपबंद टॅब्लेट असता तर त्या आईच्या हाती काय लागले असते?

चाफेकळी
गुरुजी, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. मी ३४ वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आहे.

कोडकरी म्हणतात की शब्दावर बोट ठेवले की अर्थ कळतो. तो कळतो हे खरे, पण तो राहत नाही, असा माझा अनुभव आहे. धड्यातला शब्द अडला की विद्यार्थी पेन्सिलीने त्याच्याखाली रेघ मारायचा, समासात अर्थ लिहायचा, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी पान उघडले की त्याचे डोळे थेट त्या रेघेवर जायचे. 'डाव्या पानावर, वरून तिसऱ्या ओळीत होते बाई' असे मुले सांगत. मजकूर त्यांना जागेसकट आठवत असे. पडद्यावर मजकूर सरकत राहतो, त्यामुळे त्याला ठाम अशी जागाच उरत नाही.

कविता शिकवताना हे अधिकच जाणवते. अभंगाचा किंवा ओवीचा चरण पानावर जसा तुटतो तसाच तो वाचायचा असतो. टॅब्लेटवर अक्षर मोठे केले की चरण भलतीकडेच मोडतो आणि मुले तो तसाच मोडून वाचतात. हे मी शेवटच्या दोन वर्षांत वर्गात ऐकले आहे आणि त्याचे मला फार वाईट वाटले आहे.

कोडकरी
चाफेकळी ताई, ओळ मोडण्याचा दोष पुस्तक तयार करणाऱ्याचा आहे, टॅब्लेटचा नाही. तो सुधारता येतो. बाकी, जागेच्या आठवणीचा मुद्दा मी नाकारत नाही.

उत्तरध्रुव
मी आठ वर्षांपासून स्टॉकहोममध्ये राहतो. माझा मुलगा इथल्या शाळेत चौथीत आहे, म्हणून इथली परिस्थिती लिहितो.

स्वीडनने शाळांतील डिजिटल साधनांचा पुरस्कार फार लवकर आणि फार उत्साहाने केला. बालवाडीतही डिजिटल साधने असावीत, असे अभ्यासक्रमात लिहिले गेले. त्यानंतर चौथीच्या मुलांच्या वाचनक्षमतेच्या 'पर्ल्स' या आंतरराष्ट्रीय चाचणीत देशाची सरासरी २०१६ मधील ५५५ गुणांवरून २०२१ मध्ये ५४४ वर आली. २०२३ मध्ये कॅरोलिन्स्का या इथल्या वैद्यकीय संशोधन संस्थेतील तज्ज्ञांनी सरकारच्या डिजिटल धोरणाच्या मसुद्यावर कडक टीका करणारे मत दिले. शिक्षणमंत्र्यांनी दिशा बदलली आणि छापील पुस्तकांच्या खरेदीसाठी त्याच वर्षी ६८ कोटी ५० लाख क्रोनर दिले गेले. गुणांची घसरण केवळ पडद्यांमुळे झाली, असे मी म्हणणार नाही. मधल्या काळात महामारी होती आणि घरी स्वीडिश न बोलणाऱ्या मुलांचे प्रमाणही वाढले होते. पण ज्या देशाकडे वीज, इंटरनेट आणि पैसा या तिन्हींची ददात नाही, त्याने पुस्तकाकडे परत यावे, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

चाफेकळी ताईंच्या अनुभवाला संशोधनाचा आधारही आहे. स्पेनमधील वॅलेन्सिया विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यास एकत्र तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या अभ्यासांत एकूण १ लाख ७१ हजारांहून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना अधिक चांगला समजला आणि वेळेचे बंधन असताना हा फरक वाढला. केवळ कथात्मक मजकुरात फरक आढळला नाही. शाळेची पुस्तके बहुतांशी माहितीपर असतात आणि परीक्षेत वेळेचे बंधन असतेच.

माझ्या मुलाला यंदा गणिताचे छापील पुस्तक मिळाले. ते शाळेचे असते आणि वर्षअखेर परत करावे लागते, म्हणून त्याने पहिल्याच दिवशी त्याला तपकिरी कागदाचे कव्हर घालायला लावले. नगरला असताना माझे वडील मला जसे कव्हर घालून देत, तसेच मी त्याला घालून दिले.

तांबडफुटी
यात दक्षिण कोरियाचीही भर घालते. त्यांनी मार्च २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी डिजिटल पाठ्यपुस्तके शाळांत आणली. शिक्षक आणि पालक यांचा विरोध इतका झाला की ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या संसदेने कायदा बदलून त्यांचा 'पाठ्यपुस्तक' हा दर्जा काढला आणि त्यांना 'पूरक साहित्य' ठरवले. म्हणजे वापर शाळांच्या इच्छेवर राहिला, सक्ती टळली. शमीपर्ण यांचा प्रश्न नेमका याच शब्दापाशी आहे.

स्पर्शलिपी
इथवरची चर्चा वाचून मला लिहावेसे वाटले, कारण या धाग्यावर आतापर्यंत माझ्यासारखे कोणी बोललेले नाही.

मी नाशिकला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला जन्मापासून फार कमी दिसते. छापील पुस्तक माझ्यासाठी नाकापासून चार बोटांवर धरायची वस्तू होती. एका पानाला मला २० मिनिटे लागत आणि मान अवघडून जात असे. आई रात्री स्वयंपाक आटोपल्यावर मला इतिहास वाचून दाखवायची आणि तिला झोप अनावर झाली की धडा तिथेच थांबायचा. नववीत मला टॅब्लेट मिळाला. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे, हवी तेवढी मोठी. त्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खा धडा कोणाच्या मदतीशिवाय वाचला. धडा संपल्यावर मी आईला हाक मारली आणि तिला तो मी वाचून दाखवला.

म्हणून कागदच श्रेष्ठ, असे कोणी सरसकट म्हणू नये, ही विनंती. आपल्यासाठी जी सोय आहे, ती माझ्यासाठी शिकण्याची वाट आहे. मात्र मी सक्तीच्या बाजूचीही नाही. मला १० वर्षे छापील पुस्तकाची सक्ती होती आणि ती कशी असते, ते मी जाणते.

आणखी एक अडचण सांगते. मराठी पुस्तकांच्या पुष्कळ पीडीएफ माझ्या वाचक सॉफ्टवेअरला वाचताच येत नाहीत. इंग्रजी धडा ते नीट वाचते, मराठी धड्यावर आले की निरर्थक इंग्रजी अक्षरे बडबडू लागते.

जव्हारचे_गुरुजी
बाळा, तू लिहिलेस म्हणून बरे झाले. माझ्या वर्गात एक मुलगा पुस्तक असेच डोळ्याशी धरतो. त्या ७ पैकी एक टॅब्लेट उद्यापासून त्याच्याकडे राहील.

कोडकरी
स्पर्शलिपी यांनी मांडलेली अडचण मी आज संध्याकाळी स्वतः तपासली. माझ्याकडे एका खासगी प्रकाशकाचे सातवीचे मराठीचे डिजिटल पुस्तक आहे. पडद्यावर ते अगदी देखणे दिसते. त्यातली एक ओळ निवडून दुसरीकडे चिकटवली, तर 'पावसाळा' या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची गिचमिड उमटली.

कारण असे आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा वेगळा संगणकीय संकेत देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फाँटमध्ये जुळवला जाई, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवलेले असत. डोळ्यांना 'प' दिसतो, संगणकाला मात्र तिथे एखादे इंग्रजी अक्षरच असते. छपाईत याने काही बिघडत नाही, म्हणून अनेक ठिकाणी आजही याच पद्धतीने मजकूर जुळवला जातो. पण अशा पुस्तकात शब्द शोधता येत नाही, बोट ठेवून अर्थ पाहता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला ते ऐकता येत नाही. डिजिटल पुस्तकाचे जे फायदे मी पहिल्या प्रतिसादात सांगितले, ते मराठीच्या बाबतीत मी गृहीत धरले होते. ते सगळीकडे प्रत्यक्षात नाहीत, हे मला आज कळले आणि मी माझे विधान तेवढ्यापुरते मागे घेतो.

शमीपर्ण ताई, सभेत एक साधी चाचणी करून पाहा. शाळा जी डिजिटल पुस्तके देणार आहे त्यांतले मराठीचे आणि हिंदीचे पुस्तक उघडायला सांगा आणि त्यात कोणताही एक शब्द शोधायला सांगा. शब्द सापडला नाही, तर छापील पानाचे छायाचित्र २६ हजार रुपयांच्या चौकटीत बसवून दिले आहे, असे समजा.

नेत्रधारा
मी डोळ्यांची डॉक्टर आहे, कोल्हापूरला माझा दवाखाना आहे. पालक मला सारखे विचारतात की टॅब्लेटने चष्मा लागतो का. प्रामाणिक उत्तर असे की जवळून बराच वेळ केलेले कोणतेही काम लघुदृष्टीला, म्हणजे लांबचे अंधुक दिसण्याला, पोषक ठरते आणि त्यात पुस्तकही आले. फरक इतकाच की मूल पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लववते, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात, आणि पडदा त्याला पुस्तकापेक्षा जास्त वेळ एका जागी खिळवून ठेवतो. २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर पाहायला लावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रोज दोन तास उन्हाच्या उजेडात खेळू द्या. शाळा सहा तास पडद्यावर घेऊन वर गृहपाठही पडद्यावरच देणार असेल, तर तो वेळ कुठून येणार, हे मुख्याध्यापकांना जरूर विचारा.

नववीतली_मी
नमस्कार, मी मुंबईत नववीत शिकते आणि आमच्या शाळेत दोन वर्षांपासून टॅब्लेट आहेत. आईच्या खात्यावरून लिहीत नाही, स्वतःचे खाते उघडले आहे.

मला विज्ञानासाठी टॅब्लेट आवडतो. गणितासाठी आवडत नाही, कारण उदाहरण वहीत सोडवायचे असते, प्रश्न टॅब्लेटवर असतो आणि दर दोन मिनिटांनी पडदा काळा होतो. मग डाव्या हाताच्या बोटाने तो जागा ठेवत उजव्या हाताने लिहावे लागते. वर्गातील निम्म्या मुलांनी दुसऱ्या सत्रात आपली आपण छापील पुस्तके विकत आणली, म्हणजे आमच्या पालकांना दोन्हींचा खर्च पडला. शिवाय परीक्षा आम्ही कागदावरच लिहितो. आमच्यापैकी कोणालाही शाळेने आधी विचारले नव्हते. शमीपर्ण काकू, सभेत सहावीच्या मुलांनाही विचारायला सांगा.

पुस्तकपेटी
बाळ, तू फार मुद्देसूद लिहिलेस. माझे अप्पा बळवंत चौकात जुन्या पाठ्यपुस्तकांचे छोटे दुकान आहे, वडिलांपासूनचे. मे-जूनमध्ये आमच्याकडे जी गर्दी होते तिच्यात निम्मी माणसे पुस्तके विकायला आणि निम्मी घ्यायला आलेली असतात. अर्ध्या किमतीत पुस्तक जाते, पुढच्या वर्षी तेच परत येते.

मागच्या जूनमध्ये दहावीच्या बीजगणिताचे एक पुस्तक हाती आले. त्यात तिघांची अक्षरे होती. पहिल्याने निळ्या शाईने उत्तरे लिहिली होती, दुसऱ्याने पेन्सिलीने पायऱ्या भरल्या होत्या आणि तिसऱ्या मुलीने हिरव्या शाईने पहिल्याचे एक उत्तर खोडून शेजारी बरोबर उत्तर लिहिले होते. ते पुस्तक घ्यायला आलेल्या मुलाने नवे कोरे नाकारून तेच मागितले.

माझ्या धंद्यासाठी हे लिहितो आहे, असे कोणी समजू नये. दुकान आता माझ्यानंतर कोणी चालवणार नाही. पण वर्गणी भरून घेतलेले डिजिटल पुस्तक वर्ष संपले की बंद होते, असे ताईंच्या परिपत्रकावरून दिसते. ते धाकट्या भावाला देता येत नाही, शेजारच्या कामवाल्या मावशींच्या मुलीला देता येत नाही. २६ हजार रुपये खर्चूनही पुस्तक आपले होत नाही, ही गोष्ट मला खटकते.

वकील_ठाणेकर
कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असणे आवश्यक आहे आणि शुल्काचा प्रस्ताव त्या समितीपुढे यावा लागतो. टॅब्लेट आणि त्याची वर्गणी यांचा विषय समितीपुढे आला होता का, ठराव झाला का, त्याची प्रत कुठे आहे, हे तीन प्रश्न लेखी विचारा आणि पोच घ्या. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला तोंडीच उत्तर मिळते.

दुसरे असे की टॅब्लेटमधील सॉफ्टवेअर मुलाने काय वाचले, किती वेळ वाचले, कुठे चुकले याची नोंद ठेवते. कोडकरींनी हाच फायदा म्हणून सांगितला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे. ही माहिती कोणाकडे राहणार, शाळा सोडल्यावर ती पुसली जाणार का, याचे उत्तर परिपत्रकात असायला हवे.

मांडवीकिनारी
आमच्या गोव्यातही काही वर्षांपूर्वी सरकारने पाचवी-सहावीच्या मुलांना टॅब्लेट दिले होते. माझ्या भाच्याला मिळाला होता. पुस्तके मात्र त्या वेळी कोणी काढून घेतली नाहीत. तो टॅब्लेटवर नकाशे पाहायचा आणि अभ्यास पुस्तकातून करायचा. कोणी शिकवले नव्हते, त्याने स्वतःच तशी वाटणी केली होती.

चाफेकळी
मांडवीकिनारी यांनी सांगितलेली वाटणी मला फार मोलाची वाटते आणि आपल्याकडे ती मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो ज्या कामासाठी, ते काम होते छापील पाठ्यपुस्तकात क्यूआर संकेत घालण्याचे. पुस्तक पुस्तकच राहिले. ज्याच्या घरी फोन होता त्याने संकेत टिपून कविता ऐकली, ज्याच्या घरी नव्हता त्याने पान वाचले. कोणाचेही काही हिरावले गेले नाही. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे संकेत आले. बालभारतीची पुस्तके तर संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. इतके सगळे हाताशी असताना पुस्तक 'बंद' करण्याची घाई शाळेला का व्हावी?

तांबडफुटी
ओझ्याचे उत्तरही टॅब्लेटवाचून निघते. माझ्या मुलीच्या शाळेत वर्गातच फळ्या आहेत. पुस्तकांचा एक संच वर्गात आणि एक घरी. घरचा संच आम्ही जुन्यातला घेतला. पाणी शाळेत मिळते, म्हणून बाटली रिकामी नेतात. दप्तर साडेतीन किलोवर आले.

शमीपर्ण
काल सभा झाली. तुम्हा सर्वांमुळे मी लेखी १३ प्रश्न घेऊन गेले होते. जे घडले ते जसेच्या तसे सांगते.

सुरुवातीला ओझ्याविषयी सादरीकरण झाले. त्यानंतर मी माझा वजनांचा कागद वाचून दाखवला. मुख्याध्यापिकांनी तो मागून घेतला आणि बराच वेळ पाहिला. ठरावाची प्रत मागितल्यावर विषय कार्यकारी समितीपुढे अद्याप आलेला नाही, असे उत्तर मिळाले. मग मी कोडकरींची चाचणी सुचवली. विक्रेत्याच्या प्रतिनिधीने मोठ्या पडद्यावर मराठीचे पुस्तक उघडले आणि 'शेतकरी' हा शब्द शोधला. ज्या पानावर तो शब्द शीर्षकातच होता, त्या पानावर उभे राहून यंत्राने एकही निकाल दिला नाही. सभागृह काही क्षण शांत होते. मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलाला कमी दिसते. त्या म्हणाल्या, 'मी ही सक्ती आनंदाने मान्य करणार होते, कारण माझ्या मुलाला याची गरज आहे. पण हे पुस्तक त्याला ऐकूच येणार नसेल, तर त्याच्या नावाने तरी हे करू नका.' स्पर्शलिपी, तुझा प्रतिसाद मी त्यांना नंतर वाचून दाखवला. त्यांना तुझ्याशी बोलायचे आहे. तुझी हरकत नसेल तर निरोप पाठव.

शेवटी असे ठरले की यंदा सहावीला छापील पुस्तके राहतील, टॅब्लेट ऐच्छिक असेल आणि तो कुठूनही घेता येईल. ज्यांना दृष्टीची किंवा अन्य अडचण आहे, त्यांच्यासाठी शाळा स्वतःच्या खर्चाने दहा टॅब्लेट घेईल. सातवी आणि आठवीचा निर्णय समितीपुढे जाईल आणि त्या बैठकीला दोन विद्यार्थी प्रतिनिधी बोलावले जातील. ही सूचना नववीतल्या माझ्या नव्या मैत्रिणीची होती, हे मी सभेत सांगितले. वर्गात फळ्या बसवण्याबाबत मात्र 'जागा पाहून सांगू' एवढेच उत्तर मिळाले. याबाबतचे लेखी परिपत्रक सोमवारी येणार आहे.

वकील_ठाणेकर
ताई, मनापासून अभिनंदन. परिपत्रक हाती येईपर्यंत आपला १३ प्रश्नांचा अर्ज मागे घेऊ नका. 'ऐच्छिक' हा शब्द त्यात स्पष्ट लिहिलेला आहे ना, तेवढे पाहा.

कोडकरी
प्रकाशकांकडे युनिकोडमधील पुस्तकांची मागणी करणारे एक पत्र मी लिहायला घेतले आहे. मसुदा उद्या इथेच ठेवतो. स्पर्शलिपी, तो तुमच्या वाचक सॉफ्टवेअरवर आधी ऐकून पाहाल का? चाफेकळी ताई, शुद्धलेखन आपण तपासावे.

स्पर्शलिपी
हो, नक्की. पाठवा. आणि शमीपर्ण ताई, त्या आईंना माझा होकार कळवा. रविवारी दुपारी मी मोकळी असते.